रॅमभरोसे

आमच्या घरचा संगणक रात्री ताऱ्यांची कामं करतो. आइन्स्टाइन ॲट होम नावाचा प्रकल्प आहे, 2005 पासून चालू. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोची आणि दुर्बिणींची माहिती तुकड्या-तुकड्यांनी जगभरच्या घरगुती संगणकांकडे येते. त्यांनी रिकाम्या वेळात ती चाळायची आणि एखादा स्पंदक तारा (पल्सर, म्हणजे गरगर फिरत ठेक्यात लहरी पाठवणारा तारा) गवसतो का ते बघायचं. मोबदला शून्य, विजेचं बिल आपलं. बायको याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणते. पण लायगोची एक वेधशाळा आपल्या हिंगोलीत औंढ्याजवळ व्हायची आहे आणि माझं आजोळ वसमत, म्हणजे तसं हे घरचंच काम. शिवाय 2010 साली आयोवातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एका गृहस्थाच्या संगणकावर खरोखरच एक स्पंदक सापडला, सेकंदाला सुमारे 41 गिरक्या घेणारा. तेव्हापासून मी आशेवर आहे.

तर मार्चमध्ये माझे निकाल नापास व्हायला लागले.

इथे तपासणीची पद्धत अशी, की एकच काम दोन अनोळखी संगणकांना द्यायचं. उत्तरं जुळली तर ठीक, नाही तर तिसऱ्याला विचारायचं. दोघांचं जुळलं की उरलेल्याच्या नावापुढे 'इन्व्हॅलिड'. हा उरलेला दर वेळी मीच. पद्धत मला नवीन नाही. मी पाहुण्यांना एखादा किस्सा रंगवून सांगत असतो, तेवढ्यात बाजूने येतं, "सांगलीला नाही हो, मिरजेला. आणि पाऊस अजिबात नव्हता." मग प्रकरण मुलीकडे जातं. मुलगी आईसारखंच सांगते.

गंमत म्हणजे बाकी सगळं सुरळीत. सीरियल दिसत होत्या, विजेचं बिल भरलं जात होतं. तक्रार फक्त आकाशातून. (मागच्या वर्षीचं आयकर विवरणपत्र याच संगणकावरून भरलं होतं. तो विचार मी लगेच झटकला.)

दुरुस्तीवाला आला, त्याने खुर्चीत बसायच्या आधीच निदान केलं, "सर, फॉरमॅट मारू." मारला. 500 रुपये आणि मुलीच्या बारशाचे फोटो गेले, इन्व्हॅलिड राहिले. मग वरच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला, "काका, रॅम बघा, म्हणजे संगणकाची चालू कामाची मेमरी. आधी खोडरबर आहे का?" रॅमच्या स्टिकचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे, ही विद्या कुठल्या कॉलेजात शिकवतात कोण जाणे, पण तिच्यावर सगळ्यांची श्रद्धा आहे. घासले. दात चकाकले, बाकी जैसे थे.

शेवटी मेमटेस्ट. हा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून थेट चालतो, विंडोज सुरूच होऊ देत नाही, कारण विंडोज स्वतःच मेमरीत पथारी पसरून बसलेलं असतं आणि त्याच्या बुडाखालची जागा तपासता येत नाही. मेमटेस्ट प्रत्येक घरात आकडा ठेवतो, परत येऊन वाचतो, मग उलटा ठेवतो, पुन्हा वाचतो. असं तासन् तास. मी चहा घेऊन समोर बसलो. पहाटे तीनला पडद्यावर लाल ओळ उमटली. मग दुसरी. ठेवलं होतं एक, मिळालं भलतंच.

बायको पाणी प्यायला उठली होती. "काय झालं?"

"16 जीबी रॅममध्ये 13,743 कोटी बिट, म्हणजे शून्य किंवा एक ठेवायची घरं असतात. त्यातला एक बिघडलाय."

"विसरतोय?"

"विसरत नाही. चुकीचं सांगतो, आणि अगदी ठामपणे."

ती माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. मग झोपायला गेली.

सकाळी मी अब्रू वाचवायला बेल्जियम काढलं. 2003 च्या निवडणुकीत तिथल्या स्कारबेकमध्ये एका उमेदवाराला यंत्राने 4,096 मतं जास्त दाखवली. 4,096 म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजे नेमका एक बिट उलटलेला. संशय अंतराळातून आलेल्या कणावर. आपल्याकडेही तसंच काही असेल, असं मी म्हणून पाहिलं. पण माझी लाल ओळ दर वेळी त्याच पत्त्यावर येत होती, आणि उल्का काही रोज एकाच कौलावर पडत नाही.

स्टिक दोन, खाचा दोन. एकेक स्टिक एकेका खाचेत घालून रात्रभर तपासायची, म्हणजे चार रात्री. आमच्याकडे सासूचं पथ्यसुद्धा इतक्या निष्ठेने पाळलं गेलेलं नाही. दुसरी स्टिक दोन्ही खाचांत लाल झाली. मदरबोर्ड निर्दोष सुटला.

पेठेतला दुकानदार म्हणाला, "लाइफटाइम वॉरंटी आहे काका. फक्त बिल आणा."

बिल गॅसच्या पुस्तकात सापडलं. थर्मल कागद. कोरा करकरीत, एक अक्षर शिल्लक नाही. तेच घेऊन आम्ही दोघं पुन्हा दुकानात. "दिवाळीत घेतली होती, 4,200 ला," मी म्हणालो. मला बोनसचं पाकीटसुद्धा आठवत होतं.

"गुढीपाडव्याला," बायको म्हणाली. "3,600."

दुकानदाराने त्याच्या संगणकात नोंद काढली, चष्मा वर केला. "काकू म्हणतात तेच आहे."

दोघांचं जुळलं. मी नवी स्टिक खिशात घातली आणि स्कूटर काढली.