मॅटिनी परत सुरू करा

मुंबईतल्या प्रत्येक जुन्या एकपडदा थिएटरने आठवड्यातून निदान एक सकाळ जुन्या सिनेमाला द्यायला हवी, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे ही रीत होतीच. नवा सिनेमा तीन, सहा, नऊला आणि मॅटिनीला, म्हणजे सकाळच्या खेळाला, जुना, तोही कमी तिकिटात. कॉलेज बुडवलेली पोरं, रात्रपाळी संपवून आलेले गिरणी कामगार, दुपारच्या एसटीची वाट बघणारी कुटुंबं, सगळे तिथे असायचे. माझ्या आईवडिलांच्या पिढीने बिमल रॉय आणि गुरुदत्त पाहिले ते असेच, सिनेमा येऊन दहा-पंधरा वर्षं उलटल्यावर. मीही पुष्कळ जुने सिनेमे मॅटिनीलाच पाहिले. टीव्हीवर दहा वेळा दिसलेली मधुबाला त्या पडद्यावर आली, की आपण हिला आज पहिल्यांदा पाहतोय असं वाटायचं.

या सुखात मोठा वाटा इमारतीचा असतो. लिबर्टीचंच घ्या. १९४९ साली हबीब हुसेन यांनी मरीन लाइन्सला हे थिएटर सुरू केलं. दक्षिण मुंबईतली बडी थिएटरं तेव्हा प्रामुख्याने इंग्रजी सिनेमे लावायची. हिंदी सिनेमालाही तेवढ्याच दिमाखाची जागा हवी, म्हणून लिबर्टी उभं राहिलं. देश नुकताच स्वतंत्र झाला होता, त्यावरून हे नाव. पहिला सिनेमा लागला मेहबूब खान यांचा ‘अंदाज’, दिलीपकुमार, राज कपूर आणि नर्गिस एकत्र असलेला. आतली सजावट वामन नामजोशी यांची. हे नाव आपण मराठी माणसं फारसं घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जयपूरचं राजमंदिर बघायला आजही पर्यटक गर्दी करतात, तेही नामजोशींचंच काम. लिबर्टीत पडद्याच्या दोन्ही अंगांना प्लास्टरमध्ये घडवलेली कारंजी आहेत, उडता उडता थिजलेली. खेळ सुरू होण्याआधी पाच मिनिटं नुसतं त्यांच्याकडे बघत बसावं.

रीगल त्याहून जुनं, १९३३ सालचं. चार्ल्स स्टीव्हन्स यांनी ते बांधलं. त्यांचे वडील फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी व्हीटी स्टेशन बांधलं होतं. बापाने स्टेशन दिलं, मुलाने थिएटर दिलं, आणि दोन्ही ठिकाणी आजही सामान्य माणूस तिकीट काढून आत जातो. राजवाडे आणि बंगले बाहेरून बघायचे असतात. ही वास्तू मात्र शे-दोनशे रुपयांत तीन तास आपली होते. वातानुकूलन आणि मोटारींसाठी तळघर, हे दोन्ही रीगलने त्या काळात करून दाखवलं होतं.

थिएटरात शिरण्याचाही एक क्रम असायचा. फुटपाथवर काचेच्या कपाटातले फोटो बघायचे, खिडकीवर तिकीट घ्यायचं, डोअरकीपर ते फाडून अर्धं परत देणार, मग जड पडदा बाजूला सारून अंधारात शिरायचं आणि बॅटरीच्या उजेडामागून आपली रांग शोधायची. चित्र सुरू होईपर्यंत रस्ता, ऑफिस, घर सगळं मागे पडलेलं असायचं. मॉलच्या चौथ्या मजल्यावर खरेदीच्या पिशव्या सांभाळत बसलेल्या माणसाला ही उसंत मिळत नाही.

आता पडद्याबद्दल. पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंतचे आपले सिनेमे जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित झाले, उंचीच्या साधारण १.३७ पट रुंदी. ती चौकट चेहऱ्यासाठी फार चांगली. आजच्या आडव्या पडद्यावर ते चित्र लावायचं तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडाव्या लागतात. त्या नकोत म्हणून काही जण चित्रच वरून-खालून कापतात आणि नायिकेचं कुंकू कपाळासकट गायब होतं. मला याचा खरोखर संताप येतो. छायालेखकाने तासन् तास खपून लावलेला उजेड, दिग्दर्शकाने विचार करून ठरवलेली चौकट, ती कापायचा अधिकार कुणी दिला?

‘मुघल-ए-आझम’चं उदाहरण देतो. १९६० साली तो मराठा मंदिरात लागला. सिनेमा बराचसा कृष्णधवल, पण काही भाग रंगीत, आणि त्यात शीशमहालातलं ‘प्यार किया तो डरना क्या’. पुढे २००४ साली अख्ख्या सिनेमाला रंग चढवले गेले. मला तो मूळ रूपातच हवा आहे. तासचे तास करड्या छटांत काढल्यावर अंधाऱ्या प्रेक्षागृहात एकदम तो रंग उजळतो, अनारकली छतावरच्या प्रत्येक आरशात नाचते, तेव्हा अकबराइतकेच आपणही हादरतो. सुरुवातीपासून सगळं रंगीत असेल तर हादरायचं कशाने? आणि हातातल्या फोनवर त्या आरशांतली अनारकली दिसणार तरी किती?

तिसरी गोष्ट माणसांची, माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. जुने सिनेमे हजार-बाराशे माणसं एकत्र बसणार हे धरून रचलेले आहेत. विनोदानंतर जरा थांबा घेतलेला असतो, कारण तिथे हशा येणार हे ठाऊक असतं. घरी एकट्याने बघताना तोच थांबा रेंगाळल्यासारखा वाटतो आणि लोक म्हणतात, जुने सिनेमे फार संथ असतात. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म संग्रहालयात मी भरल्या प्रेक्षागृहात ‘संत तुकाराम’ पाहिला. आवली देवळात जाऊन विठ्ठलाला खडसावते, त्या प्रसंगाला बायका अशा काही हसल्या की पुढची दोन वाक्यं ऐकूच आली नाहीत. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात, तेव्हा माझ्या शेजारच्या आजींनी हात जोडले होते. दामले-फत्तेलालांचा हा सिनेमा १९३६ साली आला आणि मुंबईत गिरगावातल्या सेंट्रलला वर्षभराहून जास्त चालला. का चालला असेल, ते मला त्या आजींकडे बघून कळलं.

‘आता कोण येतंय जुने सिनेमे बघायला?’ असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर मराठा मंदिर हे आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये लागलेला ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ तिथे मॅटिनीला लोकांनी दशकानुदशकं पाहिला. २०१५ च्या फेब्रुवारीत, १००९ आठवडे झाल्यावर तो उतरवायचं जाहीर झालं, तेव्हा लोकांनी एवढी ओरड केली की तो परत लावावा लागला. समोर मुंबई सेंट्रल स्टेशन, बाजूला एसटीचा डेपो. गाडीला वेळ असलेला प्रवासी, सुट्टीच्या दिवशीचा कामगार, लग्न ठरलेली जोडपी, असं पब्लिक तिथे येतं. तिकीट परवडणारं, वेळ ठरलेली, सिनेमा सगळ्यांच्या ओळखीचा. मॅटिनी चालायला याहून वेगळं काय लागतं?

डिसेंबर २०२४ मध्ये राज कपूर यांच्या जन्मशताब्दीला त्यांचे दहा सिनेमे देशभरातल्या थिएटरांत लागले, शंभर रुपये तिकिटात. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याआधी अमिताभ, दिलीपकुमार आणि देव आनंद यांचेही असे महोत्सव केले होते. मी ‘श्री ४२०’ला गेलो होतो. पाऊस, एक छत्री, राज आणि नर्गिस. त्या गाण्यात रेनकोट घालून तीन मुलं चालत जातात, ती राज कपूर यांचीच मुलं. मागच्या रांगेतल्या कुणीतरी ‘ऋषी, ऋषी!’ म्हणून ओरडलं आणि सगळं थिएटर टाळ्या वाजवायला लागलं. त्यात विशीतली मुलं-मुली भरपूर होती. मला फार आनंद झाला. एकच रुखरुख लागली, की हे सगळं मल्टिप्लेक्सच्या छोट्या पडद्यावर चाललं होतं आणि थोड्याच अंतरावर एक मोठं जुनं थिएटर सकाळभर रिकामं पडलेलं होतं.

रिकामी पडलेली थिएटरं फार दिवस टिकत नाहीत. गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ लागला, आपला पहिला बोलपट. मॅजेस्टिक पाडलं गेलं. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज कुठे सापडत नाही. सिनेमाही गेला आणि तो जिथे पहिल्यांदा बोलला ती भिंतही गेली. ज्या कोरोनेशनमध्ये ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला, तेही उरलेलं नाही. ज्या शहरात हा धंदा जन्मला, त्या शहराने आपली पाळण्याची खोली अशी मोडून टाकली.

नुसता दर्शनी भाग राखणं मला पुरेसं वाटत नाही. चर्चगेटसमोरचं १९३८ चं इरॉस हे मुंबईच्या आर्ट डेको या वास्तुशैलीतल्या वारशाचा भाग आहे आणि त्या वारशाला २०१८ साली युनेस्कोची मान्यता मिळाली. काही वर्षं बंद राहिलेलं इरॉस २०२४ मध्ये आयमॅक्स होऊन उघडलं. बाहेरची वास्तू वाचली, दिवे परत लागले, याचा आनंद आहेच. पण आतलं जुनं, मोठं, बाल्कनीवालं प्रेक्षागृह आता नाही. १९३८ चंच मेट्रो, जिथे १९५४ साली पहिले फिल्मफेअर पुरस्कार दिले गेले, तेही अनेक पडद्यांत विभागलं गेलं. म्हणून जी प्रेक्षागृहं अजून अखंड आहेत त्यांच्याबद्दल माझा जीव तुटतो. लिबर्टी आहे, रीगल आहे, लालबागचं भारतमाता आहे.

मालकांची अडचण मला समजते. एसी, वीज, कामगारांचे पगार, सगळं महाग. पण सकाळचा वेळ तसाही पडून असतो. रिळांचे डबे वाहून आणायचे दिवस संपले, जुने सिनेमे दुरुस्त करून डिजिटल प्रतीत आले आहेत आणि येत आहेत. सरकार एखाद्या नव्या सिनेमाला करातला राज्याचा वाटा माफ करतं. तीच सवलत या मॅटिनींना कायमची द्यावी. शाळांनी वर्षातून एक सहल इथे आणावी, मुलांना पॉपकॉर्नशिवायही दोन तास बसता येतं.

मला विचाराल तर पहिला महिना असा लावावा. भारतमातामध्ये ‘संत तुकाराम’, कारण तो त्या वस्तीत शोभेल. रीगलला बिमल रॉय यांचा ‘दो बीघा जमीन’, पहिल्या फिल्मफेअरमध्ये सर्वोत्कृष्ट ठरलेला. मराठा मंदिरात ‘मुघल-ए-आझम’, मूळ रूपातला, एकाही चौकटीला कात्री न लावता. आणि लिबर्टीत ‘अंदाज’, जिथे तो पहिल्यांदा लागला तिथेच. रविवार, सकाळी अकरा, तिकीट शंभर, विद्यार्थ्यांना पन्नास. कुणी थिएटरवाले किंवा त्यांच्या ओळखीतलं कुणी हे वाचत असेल तर त्यांनी एकदा करून बघावं. तिकिटं खपवायला मी स्वतः दारोदार फिरायला तयार आहे.