आधी भिंत, मग नळ, मग पुन्हा भिंत

स्वतःच्या आवडीचं घर बांधून घेताय ना? मग नळ, कमोड, दिवे, टाइल्स हे सगळं अगदी शेवटी निवडा. आधी पाया, मग स्लॅब, मग विटा, मग भिंतीत पाइप आणि वायरी. हे सगळं गिलाव्याखाली पक्कं बुजलं, की सहकुटुंब बाहेर पडायचं आणि काय काय आवडतंय ते निवांत बघायचं. गिलाव्याच्या आधीच ‘नळ कुठला घेणार, मॉडेल सांगा’ म्हणून मागे लागणारा प्लंबर भेटला, तर तो टाळाटाळ करतोय असं समजा. ‘नळ म्हणजे नळ, तू पाइप आणून ठेव’ एवढं सुनावलं की तो गप्प बसतो. पुढे फोडायलाही त्यालाच बोलावणार हे त्याला ठाऊक असतं.

निवड फोटोंवरून करावी. फोटोतल्या बाथरूममध्ये टूथब्रश नसतो, शाम्पूची बाटली नसते, टॉवेल एकच आणि तोही कोरडा असतो. तिथे आजवर कोणी आंघोळ केलेली नाही, हे मनावर घेऊ नका.

सुरुवात बाथरूमपासूनच करू, कारण नुकसानीला सगळ्यात जास्त वाव तिथे आहे. कन्सिल्ड डायव्हर्टर घ्या, म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा, भिंतीत लपवलेला व्हॉल्व. याचे दोन भाग असतात. पितळी बॉडी भिंतीत गाडली जाते आणि बाहेर दिसणारी चकचकीत प्लेट नि मूठ नंतर बसते. बॉडीवर प्लॅस्टिकचं झाकण येतं आणि त्यावर किमान नि कमाल अशा दोन खुणा असतात. गिलावा, टाइल चिकटवायचा थर आणि टाइल असं सगळं होऊन तयार भिंतीचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मध्ये यावा लागतो. हे झाकण पहिल्याच दिवशी काढून फेकून द्यायचं. मग बॉडी एकतर इतकी आत जाते की मूठ स्पिंडलपर्यंत (आतल्या फिरणाऱ्या दांड्यापर्यंत) पोचत नाही आणि एक्स्टेन्शन शोधत हिंडावं लागतं, किंवा इतकी बाहेर राहते की प्लेट भिंतीपासून बोटभर सुटून उभी राहते. त्या फटीतून पाणी आत जातं आणि वर्षभराने पलीकडच्या खोलीतल्या रंगाला फोड येतात. याहून बहार हवी असेल तर बॉडी एका कंपनीची आणि प्लेट दुसऱ्या कंपनीची घ्या. भिंतीला कान असतात म्हणतात; पोटही असतं, आणि त्यात एकदा गेलेली बॉडी टाइल फोडल्याशिवाय बाहेर येत नाही.

वर शॉवर मात्र मोठाच हवा, ताटाएवढा. पाण्याच्या दाबाचा हिशोब शाळेतला आहे: १० मीटर उंचीमागे साधारण १ बार. तुमची टाकी शॉवरच्या ३ मीटर वर असेल तर दाब मिळतो ०.३ बार. पावसासारख्या शॉवरच्या खोक्यावर बहुधा १ बार किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असतं. खोकं वाचू नका. शॉवर लावा, मूठ फिरवा आणि मधल्या दहा-बारा भोकांतून ठिबकणाऱ्या थेंबांखाली उभं राहून पावसाची कल्पना करा. नंतर प्रेशर पंप बसवता येतोच. त्यासाठी जागा, वायर आणि टाकीपासून वेगळी लाइन आधी ठेवलेली नसली, तर तेवढ्यापुरती फोडाफोडी करू.

आता कमोड. यात निम्मं काम माप घेतानाच बिघडवता येतं, त्यामुळे हा भाग नीट समजून घ्या. जमिनीतून आउटलेट असलेल्या कमोडला भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर ठरलेलं असतं, समजा ३०० मिमी. हे अंतर तयार भिंतीपासूनचं, म्हणजे टाइलच्या दर्शनी पृष्ठभागापासूनचं. पाइप टाकताना मात्र समोर नुसती विटांची भिंत असते. तुम्ही तिथूनच ३०० मोजायला सांगा. पुढे गिलावा १५ ते २० मिमी, त्यावर चिकटवायचा थर आणि टाइल मिळून आणखी १५ मिमी. उरतं साधारण २६५. कमोड भिंतीला टेकतो तेव्हा त्याचं भोक पाइपच्या पुढे पडतं आणि पाइपवर बसवावा तर मागे भिंत आडवी येते. यावर ऑफसेट कनेक्टर नावाचा तोडगा आहे. त्यात वळण असतं, वळणात कागद अडकतो आणि तुंबलं की कमोड उचलून बघावं लागतं. भिंतीला टांगलेला कमोड घेणार असाल तर पोलादी फ्रेमवर खर्च करू नका, चार इंची भिंतीत नुसते बोल्ट मारा. चांगल्या फ्रेमची ४०० किलो वजन पेलण्याची चाचणी झालेली असते, पण एवढ्या वजनाचं घरात आहे कोण? आतल्या टाकीची दुरुस्ती फ्लशच्या पट्टीमागच्या चौकोनातून करतात. तिथे आरसा किंवा कपाट बसवून टाकलं की विषय संपला.

टेबल-टॉप बेसिन हा तर फोटोतला राजा. ओट्याची उंची नेहमीसारखी ८५० मिमी धरा आणि त्यावर १४० मिमी उंच वाडगं ठेवा. काठ आला ९९० वर, म्हणजे जवळजवळ मीटरभर. तोंड धुताना पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आणि तिथून बाहीत जातं. काठ ८०० ते ८५० च्या दरम्यान ठेवायचा तर खालचा दगड ७०० च्या आसपास घ्यावा लागेल, म्हणजे बेसिन आधी ठरवावं लागेल, आणि आपलं तर शेवटी निवडायचं ठरलंय. त्याला नळ भिंतीतून काढा आणि त्याची उंची सुताराला विचारा. नळाची चोच आखूड पडली की धार बेसिनच्या मागच्या उतारावर आपटते आणि तिथून थेट तुमच्या पोटावर येते.

सगळ्या फिटिंग्ज काळ्या मॅट घ्या. पाण्यात क्षार असतील तर आठवड्याभरात पांढरे ठिपके दिसू लागतात. ते काढायला ॲसिडवाला क्लीनर आणि तारेची घासणी वापरली की ठिपक्यांबरोबर काळा रंगही जातो. मग आतलं पितळ दिसतं, आणि तेही फॅशनमध्ये आहेच.

फरशीकडे वळू. ६०० बाय १२०० मिमीच्या टाइल्स घ्या आणि विटांसारख्या अर्ध्यावर सांधा येईल अशा लावा. लांब टाइल भट्टीतून निघताना किंचित कमानदार होते; मधोमध सगळ्यात उंच, टोकांना खाली. अर्ध्यावर सांधा ठेवला की एकीचं उंच पोट दुसरीच्या खालच्या टोकाशेजारी येतं आणि पायाच्या अंगठ्याला प्रत्येक ओळ मोजता येते. एक तृतीयांशावर लावा असं कारागीर सांगेल, खुद्द टाइलच्या खोक्यावरही तसं छापलेलं असतं. दोघेही हट्टी. सांधा अजिबात दिसू नये असंही ठणकावून सांगा. दोन टाइल्समध्ये फट राखणारे २ मिमीचे स्पेसर म्हणजे गरिबीचं लक्षण. भिंतीच्या कडेने स्कर्टिंगखाली फट सोडायचीही गरज नाही. टाइल्स तापल्यावर फुगतात, त्यांना सरकायला कुठेच जागा उरत नाही, आणि एखाद्या दुपारी फटाक्यासारखा आवाज होऊन खोलीच्या मधोमध दोन टाइल्स तंबूसारख्या उभ्या राहतात.

खोक्यावर शेड नंबर असतो. डिझाइन तेच, नाव तेच, कंपनी तीच. पण दोन वेगळ्या दिवशी भाजलेल्या मालाच्या रंगात फरक पडतो. आधी कमी खोकी आणा, संपली की पुन्हा आणा. हॉलच्या अर्ध्यात रंग बदललेला दिसला तर पाहुण्यांना सांगायचं की तिथून डायनिंग सुरू होतं. तुटफूट आणि कापाकापीसाठी १० टक्के जास्त घ्या, तिरक्या मांडणीला १५ टक्के, हा सल्ला दुकानदाराच्या फायद्याचा आहे असं म्हणून उडवून लावा.

बाथरूमलाही तीच चकचकीत टाइल लावा. घसरण्याला रोधाचे आर९ पासून आर१३ पर्यंत दर्जे असतात आणि ओल्या जागेला वरचा दर्जा लागतो, पण चमक कमी होते त्याचं काय? पाण्याला मीटरमागे १० ते १२ मिमी उतार लागतो. ट्रॅप, म्हणजे पाणी बाहेर जायची वाट, खोलीच्या मधोमध घेतला आणि टाइल १२०० लांबीची असली तर उतार चारही बाजूंनी द्यावा लागतो, आणि टाइल काही वाकत नाही. मग ती तिरकी कापून पाकिटाच्या पाठीसारखी चार त्रिकोणांत बसवतात. ते तुम्हाला फोटोत नव्हतं म्हणून नको. उतारच रद्द करा, वायपर विकत घ्या. भिंतीच्या कडेला लांब पन्हळीसारखा ट्रॅप घेऊन एकाच दिशेला उतार काढता येतो. त्यासाठी मात्र स्लॅब किती खाली घ्यायचा ते आधी ठरवायला हवं होतं.

दाराच्या चौकटी फरशी ठरायच्या आधीच ठोकून घ्या. हॉलला १८ मिमीचा संगमरवर, बेडरूमला ८ मिमीचं लॅमिनेट, पॅसेजला ९ मिमीची टाइल, असं प्रत्येक खोलीचं वेगळं व्यक्तिमत्त्व असू द्या. खालचा थर सगळीकडे एकाच लेव्हलचा केला की प्रत्येक दारात एक छोटीशी पायरी आपोआप मिळते. दारं अडली की सुतार खालून रंधा मारतो. लॅमिनेटला भिंतीलगत ८-१० मिमी फट लागते म्हणे, आणि लावण्याआधी पाट्या दोन दिवस त्याच खोलीत पडून राहायला हव्यात. कारागीर आलेला, पाट्या आलेल्या, मग ताटकळायचं कशाला?

शॉवरच्या काचेचं माप टाइल्स लागायच्या आधी द्या, वेळ वाचतो. टफन्ड काच भट्टीतून बाहेर आली की तिला कापताही येत नाही आणि भोकही पाडता येत नाही. भिंत ओळंब्यात नसेल तर खाली काच टेकते आणि वर बोटभर फट राहते. सिलिकॉन कशासाठी असतं?

स्वयंपाकघरात पांढरा संगमरवर. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आणि लिंबाचा रस म्हणजे आम्ल. अर्धं लिंबू उलटं ठेवलं की पाच मिनिटांत गोल ठसा. तो डाग नव्हे, तिथली पॉलिशच खाल्ली गेलेली असते, त्यामुळे कितीही पुसा. क्वार्ट्झ घेतलात तर त्यात उष्णता न सोसणारं रेझिन असतं, तापलेलं भांडं थेट ठेवून पाहा. शेगडी ओटा कापून झाल्यावर घ्यायची. प्रत्येक मॉडेलचं भोक वेगळं असतं आणि दगडाचं भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. सिंकमागची खिडकी आत उघडणारी असेल तर हंसाच्या मानेचा उंच नळ जरूर बसवा, खिडकी कायमची बंद. कोपऱ्यात काटकोनात येणारे दोन ड्रॉवर एकमेकांना चिकटून घ्या. मध्ये ५० मिमीची पट्टी सोडली असती तर दोन्ही उघडले असते. आता एकाची मूठ दुसऱ्याच्या दर्शनी फळीवर रोज थोडी थोडी नक्षी काढेल. सिंकखालच्या कपाटाला एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) लावा आणि ट्रॅपच्या बाजूची कापलेली कड उघडी ठेवा. ती पाणी पिऊन पावासारखी फुगते.

रंगाबद्दल फार काही नाही. नखाएवढ्या नमुन्यावरून, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ठरवा. भिंतीवर दोन बाय दोन फुटांचा पट्टा मारून सकाळी आणि रात्री बघायला वेळ कुणाला आहे? गिलावा ओला असतानाच पुट्टी ओढा म्हणजे पापुद्रे लवकर सुटतात.

दिव्यांचं मात्र मन लावून करा. छतातले गोल दिवे भिंतीपासून जेमतेम १५ सेंटिमीटरवर घ्या. भिंतीला घासून खाली उतरणाऱ्या उजेडात पुट्टीचा प्रत्येक हात, प्रत्येक लाट, प्रत्येक सांधा उठून दिसतो. रंगाऱ्याची सही वाचता येईल इतका. एका खोलीत ३००० केल्विनचा पिवळसर उजेड, शेजारी ६५०० चा निळसर पांढरा घ्या, म्हणजे माणसं हॉलमध्ये पिवळी आणि पॅसेजमध्ये आजारी दिसतात. १२ व्होल्टची एलईडी पट्टी एकाच टोकाने वीज देऊन ५ मीटरच्या पुढे खुशाल ओढा, शेवटाला आपोआप मंद प्रकाश मिळतो. तिचा ड्रायव्हर (तिला वीज पुरवणारी डबी) फॉल्स सीलिंगच्या आत ठेवून जिप्सम बोर्ड बंद करा. पट्टीच्या आधी बहुतेक ड्रायव्हरच जातो. बारा इंची झाकण ठेवलं तर हात घालून बदलता येईल, पण छताच्या सलगपणाचं काय? बेडच्या डोक्याजवळचे स्विच बेडचं माप ठरायच्या आधी काढून घ्या. ते बरोबर हेडबोर्डच्या मागे येतात आणि तिथे धूळ बसत नाही.

काम संपलं की उरलेली टाइल्सची दोन खोकी माळ्यावर ठेवू नका, अडगळ होते. खोक्यावरचा शेड नंबर लिहून ठेवण्याचीही गरज नाही, आणि गिलाव्याआधी पाइपांचे फोटो काढले असतील तर तेही पुसून टाका, फोनमध्ये जागा होते. चार-पाच वर्षांनी डायव्हर्टरमधलं कार्ट्रिज, म्हणजे पाणी चालू-बंद करणारा आतला भाग, झिजेल. ते मुठीच्या बाजूनेच बाहेर येतं, पण बॉडी खोल गेलेली असल्यामुळे पाना पोचणार नाही. तोच प्लंबर छिन्नी घेऊन येईल, कानोसा घेत तीन ठिकाणी ठोकेल आणि चौथ्या ठिकाणी सापडेल. ती टाइल तोवर बंद झालेली असेल. चारही भोकांवर मिळेल त्या रंगाची टाइल लावून घ्या आणि वर एक मोठा टॉवेल अडकवा.