परळीत जे पाणी करतं ते इथं हवा करते

दादा, गॅस टर्बाइनवरच्या माझ्या मागच्या पोस्टखालची तुमची कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की गॅस टर्बाइन, म्हणजे तापलेल्या वायूने पाती फिरवून वीज करणारं मशीन, गॅसवर चालतं, हवा नुसती जाळायपुरती लागते अन् मी उगंच तिचे पोवाडे गायलो. वरून कंप्रेसर, म्हणजे हवा दाबून आत ढकलणारा भाग, टर्बाइनची निम्म्याहून जास्त ताकद खातो हे मीच लिहिलं, मग हा आतबट्ट्याचाच व्यवहार झाला की!

आधी कबूल करतो, "गॅस फक्त नावाला" हे माझं वाक्य जरा जास्तच झालं, उष्णता तर इंधनातूनच येते. पण नावातला गॅस म्हणजे इंधन नव्हे बरं का, पाती फिरवणारा तापलेला वायू, म्हणून तर हे मशीन डिझेलवरबी चालतं.

परळीच्या कोळशावरच्या वीजकेंद्राचं उदाहरण तुम्हीच दिलं ना, तेच घेऊ. 2013 च्या दुष्काळात ते केंद्र बंद पडलं ते पाणी नव्हतं म्हणून. वाफ करायला पाणी, वाफ परत थंड करायला पाणी, नुसता कोळसा असून काय करता? तिथं पाती वाफ ढकलते, गॅस टर्बाइनात ते काम हवा करते. एक किलो नैसर्गिक वायू जाळायला साधारण 17 किलो हवा पुरते, मशीन मात्र त्याच्या दुप्पट-तिप्पट ओढतं, कारण बाकीची हवा ज्वाळेची धग आवरते, पात्यांच्या आतल्या बारीक भोकांतून फिरून त्यांना वितळू देत नाही, अन् शेवटी तापून फुगून टर्बाइनबी तीच फिरवते.

आता आतबट्ट्याचं. 1939 साली स्वित्झर्लंडात न्यूशातेलला वीज करणारं पहिलं गॅस टर्बाइन बसलं, त्यात टर्बाइनचे 15,400 किलोवॅट, कंप्रेसरने खाल्ले 11,400, हाती राहिले 4,000. तरी चाललं! हवा थंड असताना दाबायला कमी मेहनत, तापून फुगली की तीच जास्त काम देते, मधला फरक आपला.

म्हणूनच उन्हाळा डोक्यात जातो. परभणीत 45 अंशाला हवा 15 अंशाच्या मानाने नऊ-एक टक्के विरळ, म्हणजे मशीनला किलोने कमी हवा मिळते अन् ती दाबायला कष्ट जास्त. मग काही ठिकाणी आत येणारी हवा ओल्या पॅडमधून घेतात, आपल्या कूलरसारखीच, अन् आपल्या कोरड्या उन्हात ते समुद्रकाठच्या उरणच्या दमट हवेपेक्षा चांगलं चालेल.

ते "नावाला"वालं वाक्य आज रात्री बदलतो, लाइट राहिली तर.