पंजाबचं राज्य महाराणी जिंदनने बुडवलं नाही

महाराणी जिंदन कौरची एक कहाणी वर्षानुवर्षं सांगितली जातेय, आणि हल्ली ती चार ओळींत सगळीकडे फिरते. लहानग्या राजाच्या, म्हणजे आपल्या मुलाच्या, नावाने कारभार पाहणाऱ्या रणजितसिंहांच्या या धाकट्या राणीने वजीर लालसिंहाच्या नादी लागून खालसा फौज, म्हणजे शीख राज्याचं सैन्य, मुद्दाम इंग्रजांच्या तोंडी दिलं. तिच्या वागण्यामुळेच इंग्रजांना त्या मुलाला, दुलीपसिंहाला, तिच्यापासून तोडावं लागलं. शेवटी ती जडजवाहीर घेऊन नेपाळात पळाली आणि आरामात राहिली. यातला एकेक मुद्दा तपासून पाहू.

आधी फौजेचं. यात एक धागा खरा आहे, तो लपवायचं कारण नाही. २१ सप्टेंबर १८४५ रोजी फौजेच्या पंचांच्या (शिपायांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या) हुकमाने जिंदनचा भाऊ, वजीर जवाहरसिंह, तिच्या डोळ्यांदेखत मारला गेला. त्याच्याजवळ हत्तीवर बसलेला सात वर्षांचा दुलीप बाजूला काढला आणि मामाला ठार केलं. अशा बाईच्या मनात फौजेबद्दल राग नसेल, असं कोण म्हणेल? काही इतिहासकारांनी याच रागावरून निष्कर्ष काढला की तिने सूड म्हणून फौजेला सतलजपार धाडलं. पण राग होता एवढ्यावरून कट सिद्ध होत नाही.

सतलज ही लाहोरचं राज्य आणि इंग्रजी मुलूख यांच्यामधली सीमा. तिच्या पलीकडे काय चाललं होतं ते या कहाणीत कधीच येत नाही. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध गिळला होता. त्यानंतरच्या दोन वर्षांत सरहद्दीवरचं त्यांचं सैन्य सुमारे १७ हजारांवरून ४० हजारांवर गेलं. नदीवर पूल टाकायच्या होड्या मुंबईत तयार करून फिरोजपूरला आणल्या गेल्या. शेजारी अशी तयारी करत असताना लाहोरच्या फौजेने हातावर हात ठेवून बसायचं होतं का? डिसेंबर १८४५ मध्ये शीख फौज नदी ओलांडून आली, ती या वातावरणात.

आणि मग रणांगण. फिरोजपूरला इंग्रजांची तुकडी तुटपुंजी होती, तरी लालसिंहाने तिच्यावर चाल केली नाही. तिथल्या इंग्रज अधिकारी कॅप्टन निकल्सनशी त्याचा आतून पत्रव्यवहार होता. २२ डिसेंबरला फिरोजशहाला इंग्रजांचा दारूगोळा संपत आला होता, माणसं थकली होती, आणि शीख सरसेनापती तेजसिंह ताज्या दमाची फौज घेऊन समोर उभा होता. तो माघारी वळला. सतलजकाठच्या सोब्रावला, १० फेब्रुवारी १८४६ रोजी, तेजसिंह आधीच नदीपार झाला, होड्यांचा पूल मोडला आणि हजारो शिपाई सतलजमध्ये बुडाले किंवा काठावर कापले गेले. हे सैनिक नेटाने लढले, हे त्यांच्याशी लढलेल्या इंग्रजांनीही कबूल केलं आहे. त्यांना दगा दिला तो त्यांच्याच सेनापतींनी.

दगा कोणी दिला हे कळायचं असेल तर बक्षीस कोणाला मिळालं ते पाहावं. युद्धात अंग चोरून राहिलेल्या जम्मूच्या गुलाबसिंहाला ७५ लाख रुपयांत काश्मीर मिळालं. तेजसिंहाला पुढे राजेपण मिळालं. लालसिंह वजीर राहिला, पण काश्मीर गुलाबसिंहाच्या ताब्यात जाऊ नये म्हणून आतून खटपट केल्याचं उघड झाल्यावर इंग्रजांनी त्याच वर्षाअखेर त्याला हद्दपार केलं. आणि जिंदनला? लाहोर दरबार आणि इंग्रज यांच्यातल्या १६ डिसेंबर १८४६ च्या भैरोवालच्या तहाने तिची सत्ताच गेली. वर्षाला दीड लाखाची नेमणूक (तनखा) देऊन तिला बाजूला बसवलं. लालसिंहाला वजीर केलं ही तिची मोठी चूक होती आणि तिचं माप तिच्या पदरात घातलंच पाहिजे. मात्र रणांगणावरची फितुरी तिच्या नावावर लिहिणं अन्याय आहे.

दुसरा मुद्दा तिच्या ‘वागण्या’चा. इंग्रज तिला ‘पंजाबची मेसालिना’ म्हणत; रोमच्या एका बदनाम सम्राज्ञीचं ते नाव. ही बदनामी कधी जोर धरते ते बघा. ऑगस्ट १८४७ मध्ये तेजसिंहाला राजा करायचा समारंभ होता, आणि नऊ वर्षांचाही नसलेल्या दुलीपने त्याच्या कपाळी टिळा लावायला भर दरबारात नकार दिला. यामागे आईची शिकवण आहे हे लाहोरचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, हेन्री लॉरेन्सने ओळखलं. काही दिवसांतच जिंदनला शेखूपुऱ्याच्या किल्ल्यात धाडलं आणि नेमणूक ४८ हजारांवर आणली. मुलगा हिरावून घेतल्याबद्दल तिने लॉरेन्सला लिहिलेली पत्रं उपलब्ध आहेत. ती वाचून कोणी तिला बेफिकीर आई म्हणू शकणार नाही. मुलतानला इंग्रजांविरुद्ध उठाव झाल्यावर, मे १८४८ मध्ये, तिला पंजाबबाहेर काशीला नेलं.

आणि मुलाचं हित? भैरोवालच्या तहाप्रमाणे दुलीप सोळा वर्षांचा होईपर्यंत, म्हणजे १८५४ पर्यंत, इंग्रज त्याचे पालक होते. २९ मार्च १८४९ रोजी त्या पालकांनी दहा वर्षांच्या पाल्याचं राज्य खालसा केलं आणि कोहिनूरही घेतला. तेव्हा आई शेकडो कोस दूर कैदेत होती.

राहिलं पलायन. तिचे दागिने इंग्रजांनी काशीतच जप्त केले होते. काशीहून तिला चुनारच्या किल्ल्यात हलवलं होतं; तिथून एप्रिल १८४९ मध्ये ती दासीच्या वेशात निसटली आणि काठमांडूला पोहोचली. नेपाळचे पंतप्रधान जंगबहादुर यांनी आसरा दिला, खर्चाला पैसे दिले, पण इंग्रज रेसिडेंटच्या पाळतीखाली आणि बंधनांत. अकरा वर्षं गेली. तोवर मुलगा ख्रिस्ती होऊन इंग्लंडला गेला होता. जानेवारी १८६१ मध्ये कलकत्त्याला दोघं भेटली, तेव्हा तिची दृष्टी जवळजवळ गेली होती. चीनच्या लढाईवरून परतलेले शीख शिपाई ती दोघं भेटली त्या हॉटेलभोवती जमू लागले, तसं सरकार घाबरलं आणि मायलेकांना विलायतेला रवाना करण्याची घाई झाली.

१ ऑगस्ट १८६३ रोजी ती लंडनमध्ये वारली. दुलीपने पुढच्या वर्षी तिचा देह हिंदुस्थानात आणला, पण पंजाबात नेण्याची परवानगी मिळाली नाही. अंत्यसंस्कार आपल्या नाशकात, गोदाकाठी झाले. तिथे तिची समाधीही होती. १९२४ मध्ये नात बंबा हिने अस्थी लाहोरला, रणजितसिंहांच्या समाधीपाशी नेल्या. ही बाई इंग्रजांच्या सोयीची असती, तर तिच्या मृतदेहालाही त्यांनी पंजाबची वाट बंद केली नसती.