सासू, भासरे, सरपंच, सगळेच नार्सिसिस्ट कसे हो?

सगळ्या ग्रुपवर फिरून राह्यला तो मेसेज, "घरातला नार्सिसिस्ट (म्हणजे स्वतःलेच लई मोठा समजणारा) ओळखा": एकदम भडकतो, लक्ष वेधून घेतो, खोटं बोलून पैसे लाटतो, माझंच खरं म्हणतो. खाली सल्ला, असा माणूस सुधरत नाही, नातं तोडा. झालं, लोक घरोघरी निदान करून मोकळे.

भडकणं घ्या. सकाळी तुम्हाले देव मानते अन् संध्याकाळी फोन नाही उचलला की "सोडून चालले मले" म्हणून स्वतःलेच इजा करून घेते, असं माणूस बॉर्डरलाइन नावाच्या व्यक्तिमत्त्व विकाराकडं झुकते, तिथं भीती एकटं पडायची असते अन् स्वतःबद्दलचं मतही घडीघडी बदलते. नार्सिसिस्टचं मोठेपण बऱ्यापैकी पक्कं असते, तो चिडतो ते मोठेपणाले धक्का लागला की, म्हणजे सत्कारात नाव शेवटी घेतलं, लग्नात मानाचा शेला राहून गेला.

लक्ष तर हिस्ट्रिऑनिक, म्हणजे नाटकी वागण्याचा विकार असलेल्या माणसालेही पाहिजे, पण त्याले लोकांनी कीव केली तरी चालते. नार्सिसिस्टले कौतुकच लागते.

पैसे लाटणारा? अँटिसोशल, म्हणजे दुसऱ्याचे हक्क तुडवायचा विकार, म्हणायले वय १८ पूर्ण लागते अन् १५ च्या आधीपासून मारामाऱ्या, चोऱ्या असं वागणं लागते. नार्सिसिस्टही लोकांले वापरतो, म्हणून घोळ होतो, पण त्याची भूक मानाची. अन् कापसाचा चुकारा बुडवणारा व्यापारी नुसता लबाडही असू शकतो ना बावा!

"माझंच खरं" वाल्यात तर आपले अर्धे बाप येतील. डवरणी दुसऱ्यानं केली की पुन्हा स्वतः करणारा, पण स्वतःच्या तासातही खोट काढत बसणारा, तो ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह पर्सनॅलिटीच्या, म्हणजे सगळं काटेकोरच पाहिजे अशा विकाराच्या जवळ. नार्सिसिस्टले आपलं काम आधीच परफेक्ट वाटते. आणि चांगला माणूस आठ दिवसांत अचानक मोठ्या बाता, झोप नाही, पैसा उधळणं सुरू करत असेल तर ते मॅनिया असू शकते, लवकर डॉक्टर पाहा.

डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मानसोपचार डॉक्टरांच्या निदानाच्या पुस्तकात, नार्सिसिस्ट म्हणायले ९ पैकी किमान ५ लक्षणं लागतात, तेही तरुणपणापासून अन् सगळीकडं, नुसती घरात नाही. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ नं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीनं तर हे वेगवेगळे प्रकारच काढले, विकार किती तीव्र ते पाहतात, बॉर्डरलाइनचा पॅटर्न तेवढा ठेवला.

राह्यलं नातं तोडणं. कोणी मारत असेल तर निघायले निदानाची गरजच नाही. पण बॉर्डरलाइनवाले थेरपीनं बरेच सावरतात, अन् अशा एखाद्या पोरीले नार्सिसिस्ट म्हणून तोडलं तर तिची मुळातली भीतीच तुम्ही खरी करता. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ फुकट आहे, आधी तिथं बोला.