आंब्याची कलमे आणि कायद्याची कलमे

देवगड-रत्नागिरीकडच्या बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्यात चार विधाने ठामपणे केली आहेत : नव्या कायद्यात पाच हजारांखालची चोरी हा गुन्हाच राहिलेला नाही, व्यापाऱ्याने पैसे बुडवले की ‘चारशेवीस’ लावता येते, चोर पाच असले की तो दरोडा, आणि तक्रार नोंदली की पोलिसांना अटक करावीच लागते. चारही विधानांत खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच लोकांचा त्यांवर विश्वास बसतो. पण ती जशी मांडली आहेत तशी एकही खरी नाही.

पाच हजारांचे आधी पाहू. 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि चोरीचे कलम 303 झाले. त्यात एक नवी तरतूद आली : चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्याला शिक्षा म्हणून समाजसेवा करावी लागते. म्हणजे दोष सिद्ध होतो आणि शिक्षाही होते. फक्त तिचे स्वरूप बदलते. गैरसमजाचे मूळ दुसरीकडे आहे. एवढ्या किमतीची चोरी आता अदखलपात्र ठरते, म्हणजे पोलिसांना स्वतःहून तपास करता येत नाही असा गुन्हा. त्यामुळे ठाण्यात एफआयआरऐवजी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, केली जाते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. हंगामाच्या सुरुवातीला हापूसच्या पेटीचा भाव चढा असतो आणि मेअखेरीस उतरतो, त्यामुळे तेवढेच आंबे मार्चमध्ये चोरीला गेले तर दखलपात्र आणि मेमध्ये गेले तर अदखलपात्र, असे घडू शकते. हे विचित्र वाटते खरे, पण गुन्हा दोन्ही वेळा घडलेलाच असतो.

शिवाय आंबा कुठून गेला यालाही महत्त्व आहे. झाडावर लटकलेले फळ कायद्याच्या दृष्टीने जमिनीशी जोडलेले असते आणि चोरी फक्त जंगम, म्हणजे हलवता येणाऱ्या, वस्तूची होते. पण देठ तुटला त्या क्षणी फळ जंगम होते आणि झेल्याने (आंबे उतरवण्याच्या जाळीच्या काठीने) उतरवून पळवणे ही सरळ चोरी ठरते. गडगा (बागेची दगडी कुंपणभिंत) ओलांडून उतरवलेल्या या आंब्याला कलम 303 लागेल. तोच आंबा पेटीत भरून मांगरात, म्हणजे बागेतल्या कोठीघरात, ठेवलेला असताना नेला, तर कलम 305 लागते, कारण राहण्यासाठी किंवा माल ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतून झालेल्या चोरीला कायदा अधिक गंभीर मानतो. तेथे सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि पाच हजारांची सवलत नाही. 

दुसरे विधान सर्वांत जास्त नुकसान करते. फसवणुकीचे जुने कलम 420 आता 318 च्या चौथ्या पोटकलमात आले आहे, तरी आकडा बदलल्याने मूळ अट बदललेली नाही : व्यवहार ठरला त्याच वेळी समोरच्याच्या मनात फसवण्याचा हेतू असला पाहिजे. एखाद्या व्यापाऱ्याने बाग खंडाने, म्हणजे हंगामासाठी ठरावीक रकमेवर, घेतली, पहिला हप्ता दिला, पुढे भाव कोसळले आणि उरलेले पैसे राहिले, तर ती थकबाकी आहे आणि तिचा मार्ग दिवाणी न्यायालयातून जातो. पण वाशीच्या बाजारात नसलेल्या गाळ्याचा पत्ता देऊन त्याने माल उचलला असेल, तर फसवणूक पहिल्याच दिवशी झालेली आहे. तिसराही प्रकार आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याला तो माहीतच नसावा. अडत्याकडे माल विकत दिलेला नसतो, विकून देण्यासाठी सोपवलेला असतो. त्याने तो विकून येणारी रक्कम अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरली, तर कलम 316 खाली फौजदारीपात्र न्यासभंग, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या मालाचा अपहार, होतो आणि धंद्यातल्या दलालाला त्यासाठी जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. ऑगस्ट 2024 मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात घोड्यांच्या खाद्याचे बिल थकल्याची तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा स्पष्ट केले की, विक्रीत मालकी खरेदीदाराकडे जाते, तेथे ‘सोपवणे’ उरत नाही, आणि त्याच वस्तुस्थितीवर फसवणूक व न्यासभंग हे दोन्ही गुन्हे एकत्र नांदू शकत नाहीत. म्हणून तक्रार लिहिताना ‘पैसे बुडवले’ एवढेच लिहू नये. माल विकला होता की सोपवला होता, पावतीवर काय लिहिले आहे आणि पहिल्या भेटीत कोणते शब्द दिले गेले, हे लिहावे.

दरोड्याबाबत वर्तमानपत्रांनीही घोळ वाढवला आहे. रिकामे घर फोडले तरी मथळ्यात ‘दरोडा’ येतो. पाच मुलांनी रात्री गुपचूप आंबे काढले तर ती चोरी आहे, आणि समान उद्देशाच्या तत्त्वानुसार पाचही जण जबाबदार आहेत. दरोड्यासाठी पाच किंवा अधिक माणसे आणि जबरी चोरी, या दोन्ही गोष्टी लागतात. जबरी चोरी कशी होते ते राखणदाराच्या उदाहरणाने कळेल. चोरांनी पेटी उचलली आणि ती घेऊन निसटण्यासाठी राखणदाराला काठीने मारले, तर जबरी चोरी झाली. पण राखणदार ओरडताच चोराने पेटी टाकली आणि केवळ स्वतःची सुटका करण्यासाठी त्याला मारले, तर चोरी आणि दुखापत हे दोन वेगळे गुन्हे होतात, जबरी चोरी होत नाही, कारण मारहाण माल नेण्यासाठी नव्हती. न्यायालयात अशा एका पेटीवरून बराच वाद होऊ शकतो, त्यामुळे पेटी कुठे सापडली ते राखणदाराने जबाबात नेमके सांगितले पाहिजे.

अटकेविषयी थोडक्यात. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक का आवश्यक आहे याची कारणे पोलिसांनी नोंदवावी लागतात. 2014 मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले. अटकेची गरज नसेल तेथे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम 35 खाली हजर राहण्याची नोटीस दिली जाते. आरोपी गावात मोकळा फिरताना दिसला म्हणजे गुन्हा दाखल झाला नाही किंवा पोलीस विकले गेले, असे समजण्याचे कारण नाही. नोटीस मिळूनही तो आलाच नाही, तर मात्र त्याला अटक होऊ शकते.