गाडी विकली, पण नावावरून उतरली का?

आपल्याकडं जुनी मोटारसायकल विकायची रीत ठरलेली. इसार घ्यायचा, बाँडवर दोन साक्षीदार घ्यायचे, कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या अर्जावर, सही करायची, चावी द्यायची. झाला व्यवहार. "नावावर कधी करून घेता?" असं विचारलं की समोरचा म्हणतो, "भाऊ, भरवसा नाही का?" आणि विकणारा गप्प बसतो.

माझं म्हणणं असं की हा विषय विकणाऱ्यानंच लावून धरायला पाहिजे. घेणाऱ्याला घाई नसते, त्याला गाडी मिळालेली असते. अडकतो तो, ज्याचं नाव आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, आहे.

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं गाडी विकली आणि विसरून गेले. पुढं अपघात दाव्याची नोटीस घरी आली, त्यात 'सामनेवाला क्र. १' म्हणून यांचंच नाव. गाडी तोवर तिसऱ्याकडं गेलेली, विमा संपलेला. ते बाँडचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून वकिलांकडं गेले. वकिलांनी कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि विचारलं, "आरसीवर नाव कुणाचं आहे?"

सुप्रीम कोर्टानं २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलंय. त्यातली गाडी हातोहात पुढं विकली गेली होती, तरी नुकसानभरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मूळ मालकावरच आली. आपण एक गुंठा घेतला तरी फेरफार निघेपर्यंत तलाठ्याची पाठ सोडत नाही, मग गाडीच्या बाबतीत एवढे निवांत कसे?

कायदा अवघड नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५० बघा. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत फॉर्म २९ देऊन आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत फॉर्म ३० भरायचा. कर्ज असेल तर फॉर्म ३५ देऊन आधी बोजा उतरवायचा. किनवट-माहूरच्या माणसाचा नांदेडला जायचं म्हटलं की दिवस मोडतो, हे मान्य. पण अर्ज आता परिवहन पोर्टलवर भरता येतो.

कोऱ्या फॉर्मवर सही तर अजिबात करू नका. एजंटाला ते कोरेच हवे असतात, कारण मधल्या मधे नाव लावायचा खर्च वाचतो आणि पुढचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाडी तुमच्याच नावावर फिरते. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख तुमच्यासमोर भरून घ्या, त्याच्या आधारची झेरॉक्स ठेवा, आणि नाव बदलेपर्यंत थोडी रक्कम अडकवून ठेवा. सोयरा असला तरी. राग आला तर येऊ द्या.

वडील वारले आणि गाडी अजून त्यांच्याच नावावर असेल, तर ती तशीच विकू नका. मृत्यूची खबर ३० दिवसांत आणि वारसाच्या नावाचा अर्ज, म्हणजे फॉर्म ३१, तीन महिन्यांत द्यावा लागतो. आधी ते करा, मग गिऱ्हाईक बघा.